उंबरमाळीहून लंडन

सीएसएमटीहून सुटलेल्या लोकलला कसाऱ्याला पोहोचायला अडीच तासांहून अधिक वेळ लागतो. मुंबईहून निघालेलं विमान वेळापत्रकाप्रमाणे सव्वादोन तासांच्या आसपास दिल्लीत उतरतं. लोकलचा मार्ग १२१ किलोमीटरचा, विमानाचं सरळ अंतर सुमारे ११४० किलोमीटरचं. संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘अंतर’ हा विषय सुचवला, तेव्हा दोन दूरच्या शहरांमधलं हवाई अंतर आणि त्याला लागणारा वेळ यांच्यावर लिहायचं माझ्या मनात आलं. मुंबई–लंडन, मुंबई–न्यूयॉर्क. आपल्यातल्या किती घरांत आज या दोन आकड्यांची चौकशी होते! मुलगी तिकडे असते, आई इकडे, आणि ‘किती तास लागतात गं?’ हा प्रश्न दर फोनला निघतो. पण हा हिशोब मुंबईत बसून मांडायचा नाही, कसारा लोकलने शेवटच्या स्थानकाच्या अलीकडे उतरून मांडायचा, असं ठरवलं. ते स्थानक उंबरमाळी.

शहापूर तालुक्यातल्या या छोट्या थांब्यावर उतरलं की तीन वाटा एकदम नजरेत येतात. गेली दीडशे वर्षं मुंबईहून उत्तरेला आणि पूर्वेला जाणारे प्रवासी ज्या रुळांवरून गेले ते रूळ पायाशी. मुंबईत उतरायला निघालेल्या विमानांचं आकाश डोक्यावर. आणि थोड्या अंतरावर नागपूरहून येणारा नवा महामार्ग. तिन्ही वाटांचे प्रवासी दूरचे. उंबरमाळीला त्यांच्यापैकी कुणीच थांबत नाही.

खर्डी सुटली की झाडी दाट होते, डोंगर रुळांच्या जवळ सरकतात. मी गेले तेव्हा भातं पोटरीला आली होती. फलाटावर काकड्यांचे आणि शिराळ्यांचे भारे घेऊन बायका बसल्या होत्या, कल्याणच्या बाजारासाठी. २०२१च्या जुलैमध्ये याच स्थानकात रुळांवरचं पाणी फलाटाच्या उंचीपर्यंत चढलं होतं आणि घाटाकडची वाहतूक बंद पडली होती. फलाट बुडालेला तो फोटो तेव्हा सगळीकडे फिरला. अनेकांनी उंबरमाळी हे नाव त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

‘‘मावशी, इथून कल्याण किती लांब?’’ मी विचारलं.

‘‘सवा तास. मेल पुढं काढली तर मंग काय सांगता येत नाय, ताई.’’

किलोमीटर तिने सांगितले नाहीत, तिला त्यांची गरजही नाही. लांब पल्ल्याची गाडी मागून येत असली की लोकलला बाजूला उभं करतात आणि तिला वाट देतात. वाराणसीचा प्रवासी वेळेवर पोहोचावा म्हणून काकडीवालीचा बाजार उशिरा लागतो. गाडी चालवणाऱ्यांना यात पर्याय थोडेच असतात, रूळ दोनच आहेत. कल्याण–कसारा तिसऱ्या मार्गिकेची वाट इथला प्रत्येक माणूस बघतो आहे.

घाट उघडला तेव्हा

कसाऱ्याच्या पुढचा थळ घाट रेल्वेसाठी १ जानेवारी १८६५ रोजी उघडला. ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर, असा तिथला चढ आहे. आजही बहुतेक गाड्या कसाऱ्याला थांबतात, मागून जादा इंजिनं लागतात, रेल्वेतले लोक त्यांना बँकर म्हणतात, आणि मग गाडी इगतपुरीकडे ढकलली जाते. फेब्रुवारी २०२३ मध्ये शिर्डीची वंदे भारत सुरू झाली. ती बँकर न लावता घाट चढते, कारण तिची ताकद एका इंजिनात नसून डब्यांखालच्या मोटारींमध्ये वाटलेली असते. तेवढा थांबा वाचतो. प्रवासाचा वेळ कमी होतो तो बऱ्याचदा असा. वेग वाढण्यापेक्षा एखादं थांबणं गळून गेल्यामुळे.

घाट उघडला तरी हा मार्ग कोलकात्याला जोडला जायला ७ मार्च १८७० उजाडावं लागलं. त्या दिवशी जबलपूरला दोन बाजूंचे रूळ एक झाले. त्याआधी काहीच महिने, नोव्हेंबर १८६९ मध्ये, सुएझ कालवा खुला झाला होता. या दोन घटनांनी युरोप आणि हिंदुस्थान यांच्यामधल्या प्रवासाचा हिशोबच पालटला. ज्यूल व्हर्नने १८७२ साली ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या नायकाची कादंबरी लिहिली, तिच्यामागे हाच नवा हिशोब आहे. लंडन ते सुएझ सात दिवस, सुएझ ते मुंबई तेरा, मुंबई ते कोलकाता रेल्वेने तीन. व्हर्नचा नायक ठाणे, कल्याण करत घाट चढून खानदेशात शिरतो. म्हणजे जगाच्या त्या प्रसिद्ध वेळापत्रकातला एखादा तास याच रानातून जातो.

लंडन–मुंबई वीस दिवस, हे तेव्हाच्या वाचकाला अद्भुत वाटलं. घाट उघडला त्याच वर्षी, ३१ मार्च १८६५ रोजी, कल्याणमध्ये एक मुलगी जन्मली. ती पुढे आनंदीबाई जोशी झाली. डॉक्टरकी शिकायला अमेरिकेला जाण्यासाठी तिने ७ एप्रिल १८८३ रोजी कोलकात्याहून बोट धरली आणि ४ जून रोजी न्यूयॉर्कला पाऊल ठेवलं. जवळजवळ दोन महिने. तिची पत्रं वाचताना मला त्या प्रवासाची लांबी सतत जाणवते. प्रश्न विचारावा आणि उत्तर यायला महिने जावेत, इतक्या अंतरावर एक अठरा वर्षांची मुलगी गेली होती.

विमान आलं तरी हे अंतर एका उडीत आटलं नाही. १९२९ मध्ये इम्पीरियल एअरवेजने लंडन–कराची सेवा सुरू केली, तिला सात दिवस लागत, आणि त्यातला स्वित्झर्लंड ते इटली हा टप्पा आगगाडीने करावा लागे. कराचीहून पुढे डाक मुंबईला आणली ती जे. आर. डी. टाटांनी, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, एका छोट्या पस मॉथ विमानातून. ते जुहूला उतरले. लंडनमधलं महाराष्ट्र मंडळ त्याच १९३२ साली स्थापन झालं. त्या पिढीतल्या सभासदांसाठी घरी जाऊन येणं म्हणजे बोटीत काढायचे कितीतरी आठवडे, आणि एवढी रजा कोण देणार?

८ जून १९४८ च्या रात्री एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून निघालं, कैरो आणि जिनिव्हाला थांबत सुमारे एका दिवसात लंडनला पोहोचलं. १९६० मध्ये बोइंग ७०७ जेट आलं आणि त्याच वर्षी १४ मे रोजी एअर इंडियाची सेवा न्यूयॉर्कपर्यंत गेली. इथे एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. त्या ७०७ चा उंचावरचा वेग आणि आजच्या आधुनिक विमानाचा वेग यांत जवळजवळ फरक नाही. ध्वनीच्या वेगाजवळ गेलं की हवेचा विरोध एकदम वाढतो आणि इंधन भसाभस जळतं, म्हणून प्रवासी विमानं त्याच्या अलीकडेच राहतात. कॉन्कॉर्डने १९७६ पासून ती हद्द ओलांडून दाखवली, पण २००३ मध्ये तेही थांबलं. गेल्या साठाहून अधिक वर्षांत वाचला तो वेळ वाटेतल्या थांब्यांचा. कैरो गेलं, जिनिव्हा गेलं. वंदे भारतचा कसाऱ्याचा बँकर गेला तसंच.

दोरा वरती पळतो

उंबरमाळीच्या परिसरातल्या एका शाळेत मला भूगोलाच्या तासाला बसायला मिळालं. सरांनी आधी भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये पट्टी ठेवायला लावली. पट्टी अरबस्तानावरून, आफ्रिकेच्या माथ्यावरून, अटलांटिक पार करून गेली. मग टेबलावर पृथ्वीगोल आला आणि दोघा मुलांनी त्याच दोन गावांवर दोऱ्याची टोकं धरली. दोरा ताणला तसा तो घसरत उत्तरेला गेला. मध्य आशिया, रशिया, युरोपचा उत्तरेकडचा माथा, ग्रीनलँडची बाजू, कॅनडा आणि तिथून खाली न्यूयॉर्क.

‘‘सर, दोरा वरती पळतो!’’ पुढच्या बाकावरची मुलगी ओरडली. तिने तो परत पट्टीच्या वाटेवर ओढायचा प्रयत्न केला, तर दोरा अपुरा पडला.

गोलावरच्या दोन ठिकाणांमधली सगळ्यांत जवळची वाट म्हणजे बृहद्वृत्ताचा तुकडा. पृथ्वीच्या मध्यातून जाणारी सुरी या दोन गावांवरून फिरवली तर पृष्ठभागावर जी रेघ उमटेल ती ही वाट. सपाट नकाशा उत्तरेकडचे प्रदेश ताणून मोठे दाखवतो, म्हणून त्याच्यावर ही जवळची वाट वळसा घेतल्यासारखी दिसते. या वाटेने मोजलं तर मुंबई–लंडन सुमारे ७२०० किलोमीटर, मुंबई–न्यूयॉर्क साडेबारा हजारांच्या आसपास, मुंबई–सॅन फ्रान्सिस्को सुमारे साडेतेरा हजार. सॅन फ्रान्सिस्कोचा दोरा तर सायबेरियावरून थेट आर्क्टिक महासागरात शिरतो.

मुलांना मी जानेवारी २०२१ ची गोष्ट सांगितली. एअर इंडियाचं विमान सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवावरून बेंगळुरूला आलं, कॉकपिटमध्ये सगळ्या महिला वैमानिक होत्या. कॅप्टन झोया अगरवाल प्रमुख, आणि त्यांच्या चमूत कॅप्टन आकांक्षा सोनावरे. सोनावरे हे आडनाव ऐकताच दोन मुली एकमेकींकडे बघून हसल्या. सॅन फ्रान्सिस्को आणि बेंगळुरू यांच्यामधलं सरळ अंतर सुमारे १४,००० किलोमीटर, पण विमान कापतं ते सुमारे १६,०००, आणि प्रवास सतरा तासांच्या आसपास. एका मुलाने लगेच विचारलं, दोरा ताणला तर चौदा हजार भरतात, मग वरचे दोन हजार कुठून आले? तो प्रश्न बरोबर होता. विमान दोऱ्यावरून जात नाही.

वाऱ्याचा हिशोब

जमिनीपासून दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे असतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्याही पुढे जातो. विमानाचा ताशी साधारण नऊशेचा वेग हा भोवतालच्या हवेच्या तुलनेतला. हवाच समोरून शंभरने येत असेल तर जमिनीवरून बघणाऱ्याला ते आठशेनेच जाताना दिसणार, आणि हवा मागून आली तर हजाराने. ७२०० किलोमीटरांना नऊशेने भागलं तर आठ तास येतात. आठशेने नऊ, हजाराने सव्वासात. दोन शहरं तीच, अंतर तेच, आणि जाण्यायेण्यात जवळजवळ पावणेदोन तासांचा फरक. प्रत्यक्षात वारा सगळी वाट सारखा नसतो आणि विमान दोऱ्यावरून जातही नाही, म्हणून मुंबई–लंडनला जाताना साधारण दहा तास आणि येताना नऊ, असं वेळापत्रक बसतं.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण २०१६ च्या ऑक्टोबरमधलं. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारं एअर इंडियाचं विमान तोवर अटलांटिकच्या बाजूने, सुमारे १३,९०० किलोमीटर जात असे. त्या महिन्यात ते पूर्वेला वळवून पॅसिफिकवरून नेलं. अंतर वाढून सुमारे १५,३०० किलोमीटर झालं आणि प्रवास साडेचौदा तासांत आटोपला, आधीपेक्षा कमी वेळात. वारा पाठीशी होता. चौदाशे किलोमीटरचा वळसा घेऊन लवकर पोहोचता येतं, हे वाचल्यापासून संगणकावर दोन शहरांची नावं टाकून निघणाऱ्या ‘हवाई अंतरा’च्या आकड्यावर माझा फारसा भरवसा राहिलेला नाही. तो आकडा खरा असतो, पण प्रवासाबद्दल फार थोडं सांगतो.

तिकिटावरच्या वेळेत आणखीही बरंच काही मिसळलेलं असतं. ती दारापासून दारापर्यंतची असते, म्हणजे विमान मागे ढकललं गेलं तिथपासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभं राहीपर्यंत. मुंबईच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. रांग लागते. उतरायला आलेल्या विमानांना आकाशात घिरट्या घालायला लावतात. कल्याणच्या अलीकडे लोकल जशी सिग्नलसाठी उभी राहते तसंच हे, फक्त विमानाला उभं राहता येत नाही.

उतरणं मुळात लांबूनच सुरू होतं. वैमानिकांचा ठोकताळा असा, की दर हजार फूट उंचीमागे साधारण तीन सागरी मैल हातात ठेवावेत. ३५,००० फुटांवरून यायचं तर शंभराहून अधिक सागरी मैल, म्हणजे दोनशे किलोमीटरच्या आसपास आधीच खाली यायला सुरुवात करायची. पूर्वेकडून येणारी विमानं सह्याद्री ओलांडतात तेव्हा त्यांची उंची सोडणं चालू असतं. उंबरमाळीच्या माळावर उभं राहून वर बघितलं की इंजिनाचा आवाज बदललेला ऐकू येतो. आत बसलेल्यांना तेव्हा पट्टे बांधायला सांगितलेलं असतं. मुंबई त्यांच्यासाठी काही मिनिटांवर असते.

नाणेघाटापलीकडचा डोंगर

शहापूरहून किन्हवलीमार्गे सरळगावला आलं की मुरबाड तालुका. इथे रेल्वे अजून नाही, कल्याण–मुरबाड मार्ग मंजूर झालेला आहे. टोकावड्याच्या पुढे वैशाखऱ्यापासून नाणेघाटाची वाट चढते. दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळात कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांतला माल याच वाटेने जुन्नरला जाई. वरच्या लेण्यात राणी नागनिकेचा लेख आहे, त्यात कोरलेले आकडे भारतातल्या अगदी जुन्या आकड्यांपैकी मानले जातात. यज्ञांमध्ये दिलेल्या गाई, हत्ती, कार्षापण यांची ती मोजदाद आहे. बाहेर जकातीसाठीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आहे.

इथे जो माल यायचा तोही वाऱ्यावर यायचा. तांबड्या समुद्रातली गलबतं नैऋत्येच्या मोसमी वाऱ्यांबरोबर अरबी समुद्र ओलांडत आणि हिवाळ्यात वारा उलटला की परतत. मिसर किती लांब हे तेव्हाही महिन्यावर ठरत होतं.

घाटमाथ्यावर उभं राहिलं की पलीकडे जुन्नरचा मुलूख दिसतो. ७ जुलै १९६२ च्या मध्यरात्री, ऐन पावसाळ्यात, या मुलखातल्या एका डोंगरावर अलितालियाचं डीसी-८ विमान आदळलं. सिडनीहून रोमला जाणारं, वाटेत बँकॉकहून मुंबईला येत होतं. आतले सगळे ९४ जण गेले. मुंबई तिथून सुमारे ८४ किलोमीटर होती. चौकशीत निघालेलं कारण वाचताना अंगावर काटा येतो. दिशा शोधण्यात चूक झाली आणि मुंबई आहे त्यापेक्षा जवळ आली आहे अशी वैमानिकाची समजूत झाली, म्हणून त्याने अंधारात वेळेआधीच उंची सोडली. साधारण ३६०० फुटांवर डोंगर होता.

साडेतीन वर्षांनी, २४ जानेवारी १९६६ रोजी, मुंबईहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं ‘कांचनगंगा’ हे ७०७ विमान जिनिव्हाला उतरताना माँ ब्लाँवर आदळलं. ११७ जणांमध्ये डॉ. होमी भाभा होते. तिथेही आपण शिखर ओलांडलं आहे अशी समजूत होती. रडारवरून सांगितलेली खरी जागा नीट समजली नाही, आणि विमानातल्या दिशादर्शक यंत्रांपैकी एक बंद होतं. सह्याद्रीवर मुंबई आली असं वाटलं, आल्प्सवर डोंगर गेला असं वाटलं. दोन्ही ठिकाणी चूक अंतराचीच होती.

आज वैमानिकासमोर उपग्रहांवरून मिळणारं ठिकाण असतं आणि पुढच्या डोंगराचा इशारा देणारं यंत्र भूप्रदेशाचा नकाशा घेऊन बसलेलं असतं. या यंत्रांमुळे अशा दुर्घटना फारच कमी झाल्या. पण त्या रात्री जुन्नरच्या बाजूला धावत गेलेल्या माणसांना पावसात काय दिसलं असेल याचा विचार घाट उतरताना माझ्या मनातून जात नव्हता. सिडनी, बँकॉक, रोम ही त्यांनी कधीही न ऐकलेली गावं त्यांच्या डोंगरावर येऊन पडली होती.

बंद आकाश

उंबरमाळीजवळच्या एका पाड्यावरचा तरुण मुंबई विमानतळावर सामान चढवण्याचं काम करतो. सुट्टीच्या दिवशी तो घरी सापडला, ओट्यावर बसून आईबरोबर शेंगा सोलत होता. लंडन, फ्रँकफर्ट, न्यूयॉर्क यांच्याबद्दल तो आपल्या शेजारच्या गावांबद्दल बोलावं तसं बोलतो, पण त्याची ओळख विमानाच्या पोटाकडून आहे.

‘‘लांबचं विमान असलं ना ताई, की वजनाचा लोचा असतो. मागच्या वर्षी रस्ते बंद झाले तेव्हा चढवलेला माल परत उतरवायला सांगायचे. ऑफलोड. कारण तेल जास्त भरायचं.’’

तो सांगत होता ते २०२५ चं. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल रोजी पाकिस्तानने भारतीय विमानांसाठी आपलं आकाश बंद केलं. उत्तर भारतातून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना दक्षिणेकडून वळसा पडला. दिल्लीहून अमेरिकेला न थांबता जाणाऱ्या काही विमानांना व्हिएन्नासारख्या ठिकाणी इंधनासाठी उतरावं लागलं. पुढे १३ जून रोजी इस्रायलने इराणवर हल्ला केला तेव्हा मुंबईहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं विमान सुमारे तीन तास हवेत राहून पुन्हा मुंबईतच उतरलं. तीन तासांचा प्रवास आणि अंतर शून्य. रशियाचं आकाश २०२२ पासून युरोप-अमेरिकेच्या विमान कंपन्यांना बंद आहे, भारतीय विमानांना खुलं. म्हणजे पृथ्वीगोलावर एकाच दोऱ्याने जोडलेली दोन शहरं कुणाच्या विमानात बसलात त्यावर जवळ किंवा दूर होतात.

वजनाचं गणित त्याने मला नीट समजावलं. लांब जायचं तर इंधन जास्त, आणि ते इंधन वाहून न्यायलाही इंधन लागतं. एकूण वजनाला मर्यादा, म्हणून माल किंवा माणसं कमी. वळसा तासाभराचा असला तरी त्याची झळ आंब्याच्या आणि औषधांच्या खोक्यांपर्यंत येते.

त्याचा स्वतःचा प्रवास विचारला. पाड्यावरून स्थानक अर्धा तास चालत, पावसात ओढा भरला तर जास्त. उंबरमाळीहून लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो, पुढे कंपनीची बस. सगळं जुळलं तर तीन-सव्वातीन तास एका बाजूने. रात्रीचं विमान उशिरा आलं तर सीएसएमटीहून मध्यरात्रीच्या सुमारास सुटणारी शेवटची कसारा चुकते आणि मग मित्रांच्या खोलीवर मुक्काम. आठवड्यातल्या काही रात्री तशा जातातच. जाऊन-येऊन त्याचे रोजचे जेवढे तास प्रवासात मोडतात, तेवढ्यात त्याने पाठवलेली बॅग युरोपच्या उंबरठ्यावर असते.

समृद्धीच्या पुलाखाली

५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी–आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि नागपूर–मुंबई हा ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. इगतपुरी–कसारा यांच्यामधला जवळपास पावणेआठ किलोमीटरचा जुळा बोगदा घाटाची सगळी वळणं टाळून काही मिनिटांत खाली आणतो. हे मोठं काम आहे, यात शंका नाही. याच तालुक्यात, सरळांबे इथे, १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे पुलाचं काम चालू असताना गर्डर आणि तो बसवणारं यंत्र कोसळून २० जण गेले. त्यांची आठवण या रस्त्याबरोबर राहायला हवी असं मला वाटतं. नागपूर आठ तासांवर आलं त्याची किंमत त्यांनी दिली.

या रस्त्यावर दुचाकीला मनाई आहे. इथल्या पाड्यांवर वाहन म्हणजे दुचाकीच. त्यामुळे पुलाखालून जाणारी माणसं वर बघतात आणि आपल्या जुन्या वाटेने जातात. शहापूर तालुक्यात असे पाडे अजून आहेत जिथून बाळंतपणाला आलेल्या बाईला डोली करून रस्त्यापर्यंत आणावं लागतं. तिथे १०८ ची रुग्णवाहिका येते, ती शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात नेते, तिथून गरज पडली तर ठाणे, कळवा नाहीतर नाशिक. आशाताईंना या प्रवासाचे टप्पे तोंडपाठ असतात. एकीने मला सांगितलं, की डोलीचा तुकडा सगळ्यांत छोटा आणि वेळ तिथेच सगळ्यांत जास्त जातो. तानसा, भातसाचं पाणी शंभर-शंभर किलोमीटर जाऊन मुंबईच्या नळाला येतं, आणि धरणाच्या अंगाच्या गावांत चैत्र-वैशाखात टँकरची वाट बघितली जाते, तोही असाच छोटा तुकडा. दूरची वाट सरळ करायला आपण पैसा, बुद्धी, माणसं सगळं ओतलं. पाड्यापासून डांबरापर्यंतचे दोन-तीन किलोमीटर कुणाच्या यादीत वर आले नाहीत. हे बदलता येण्यासारखं आहे, बोगद्यापेक्षा कितीतरी सोपं आहे, आणि म्हणूनच मला त्याचा राग येतो.

विमानतळावरच्या त्या तरुणाला सध्या एक निर्णय करायचा आहे. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली आहेत आणि तिकडे माणसं हवी आहेत, असं त्याला कुणीतरी सांगितलं आहे. नकाशावर दोन्ही विमानतळ उंबरमाळीपासून फार वेगळ्या अंतरावर नाहीत. त्याने नकाशा बघितलेलाच नाही. ठाण्याला उतरायचं, पुलावरून ट्रान्सहार्बरच्या फलाटावर जायचं, पुढची गाडी कितीला, तिथून बस किती वेळाने, आणि रात्रपाळी सुटल्यावर ठाण्याहून कसाऱ्याकडे पहिली गाडी कोणती, हे तो बोटांवर मोजत होता. ठाण्याच्या पुलावर सकाळी किती मिनिटं जातात यावर त्याचं आणि त्याच्या भावाचं जमेना. भाऊ दहा म्हणत होता, तो वीस.